चौघांचा मान राखणारी इस्त्री

दिवाळी अंकात अनुभव लिहिणारा माणूस कसा असतो, ते तुम्हाला माहिती आहे. त्याचे केस पांढरे असतात. तो पोलीस असतो, नाहीतर डॉक्टर, नाहीतर जंगलखात्यातला. पहिल्या पानावर त्याला मढं सापडतं, दुसऱ्या पानावर बिबट्या, आणि शेवटच्या पानावर तो निवृत्त होऊन बाल्कनीत चहा पितो. तुम्ही पण चकलीचा तुकडा मोडून, चष्मा पुसून, त्याच तयारीनं बसला असणार.

तर आधीच सांगतो. माझे केस काळे आहेत, घराला बाल्कनी नाही, आणि ह्या गोष्टीत कोणी मरत नाही. मधी एक म्हातारी येईल, पण तिला काय होत नाही. तिचं फक्त रान विकलेलं आहे.

ही गोष्ट मोकळ्या जागेची आहे. लगेच भाव विचारू नका. विश्रामबागेत कोणी 'मोकळी जागा' म्हणलं की समोरचा गुंठ्याचा आकडाच विचारतो. मी म्हणतोय ती जागा दोन शब्दांच्या मधली. कीबोर्डावरचं ते लांबडं बटण दाबलं की पडते ती. तिला कोणी विकत घेत नाही, पण तिच्यावरनं भांडणं मात्र बांधावरच्या भांडणासारखीच होतात. हे मी डोळ्यानं बघितलंय, आणि थोडंफार लावून पण दिलंय.

मी विक्रम. ऑफिसात विक्या. शाळा आष्ट्याला झाली. शाळेच्या गॅदरिंगला मी हेडसरांची नक्कल केली, तवा हेडसरांनी स्टेजवर मला बक्षीस दिलं आणि स्टेजच्या मागं नेऊन कान पिरगाळला. तेव्हापासनं माझा खरा धंदा तोच. इंजिनिअरिंग तेवढं मधी होऊन गेलं.

आमचं ऑफिस विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर. खाली इस्त्रीचं दुकान, वर आम्ही. कोणी सांगेल त्याला कॉम्प्युटरचा प्रोग्राम करून देतो. मंगल कार्यालयाचं बुकिंग, क्लासची हजेरी, असलं काय काय. मालक माने सर. त्यांचं प्रत्येक वाक्य 'आपण असं करू'नं सुरू होतं आणि 'तू करून टाक'नं संपतं. त्या दोन टोकांच्या मधी 'आपण' कुठं जातं, ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.

आता जरा धंद्याचं सांगतो. प्रोग्राम म्हणजे काय तर लिहिलेला मजकूर, त्यालाच आम्ही कोड म्हणतो. मशीनला सांगायचं, असं झालं तर असं कर, तसं झालं तर तसं कर. आमच्या मशीनला अक्षरं बरोबर असली की बास. ओळ कुठं मोडली, समोर किती जागा सोडली, कंस वर ठेवला का खाली, त्याला काय फरक पडत नाही. फरक माणसांना पडतो. एकच फाईल चार जण लिहितात, आणि प्रत्येकाची लिहायची ढब वेगळी असते.

आमच्यात जगताप काका होते. फौजेतनं, सिग्नलमधनं निवृत्त होऊन आलेले, कुंडलचे. त्यांच्या कोडात बरोबरची चिन्हं एकाखाली एक अशी उभी, की बघणाऱ्यानं पण पाय जुळवावेत. मग नितीन, इस्लामपूरचा. त्याला एंटरचं बटण कोणी दाखवलंच नव्हतं. सगळं एका ओळीत. त्याची एक ओळ वाचायची म्हणजे डावीकडनं सुरू करून मान फिरवत फिरवत खिडकीपर्यंत यायचं. आणि शबाना, माधवनगरची. घरी यंत्रमाग. ती लिहायची बारक्या बारक्या ओळी, आणि दर चार ओळींनंतर एक रिकामी ओळ, श्वास घेतल्यासारखी. तिला स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून वाचायला लागतात, त्यामुळं लांब ओळ तिच्या पडद्यात मावायचीच नाही.

माझं कोड? मी ज्याच्या शेजारी बसेन त्याच्यासारखं. नकलाकाराला स्वतःचं अक्षर नसतं, असा माझा तवा समज होता.

चहाच्या वेळी मी कोड मोठ्यानं वाचायचो. ज्याचं कोड त्याच्या आवाजात. काकांचं 'शेत बराबर एक, गट बराबर दो' असं छाती काढून. नितीनचं एका दमात, शेवटी खुर्चीवर पडून. काका म्हणायचे, "गधे, सीधा वाच," आणि मिशीत हसायचे. बाहेरच्याला सांगून पटणार नाही, पण नाव न बघता नुसत्या मोकळ्या जागा बघून मी सांगायचो, हे कोणी लिहिलंय.

अशात आम्हाला मोठं काम मिळालं. पलूस तालुक्यातल्या एका गावची पाणी संस्था. गावाचं नाव सांगत नाही, मला त्या रस्त्यानं अजून जायला लागतं. ही संस्था नदीचं पाणी मोटारीनं उचलून पाटात सोडते आणि पाळीपाळीनं रानांना देते. आज कोणाची पाळी, उद्या कोणाची, हे संस्थेच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं. ते बंद करून, ज्याची पाळी त्याच्या मोबाईलवर मेसेज जायचा: 'आपली पाण्याची पाळी सुरू झाली आहे.' एवढंच काम. ऐकायला एवढंच.

ते शबानानं उभं केलं. उन्हात पाटाच्या कडंनं चालत जाऊन कोणाचं रान पाणी सोडायच्या कुठल्या दारावर आहे ते तिनं बघितलं. शेणात पाय गेला तरी मोबाईलमधनं डोकं वर काढलं नाही. तिला ऑफिसात कच्चंच घेतलं होतं, आणि त्याच वेळी पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं होतं. तिला जायचं नव्हतं.

"का गं?" मी विचारलं. "पुण्यात पगार बरा असंल."

"असंल. पण हे पाण्याचं मी केलंय, विक्या. हे नितीनच्या हातात देऊन गेले तर मला तिकडं झोप येणार न्हाई."

"मला तर तू इथं असूनच येत न्हाई," नितीन म्हणाला. त्याचं कोड ती रोज परत पाठवायची.

सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आपण असं करू. पहिली पाळी सगळ्या गावात बिनतक्रार फिरली, की शबाना पक्की. पाण्याचं सगळं काम तिच्याकडं."

"आणि तक्रार आली तर?" तिनं विचारलं.

"तर बघू."

सरांचं 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना माहिती होतं. तिला पुण्याला होय-नाही कळवायचं होतं ते त्या पाळीच्या आसपासच. आणि सरांचा एक नियम होता: गावाकडं जाणारं कुठलंही कोड शबानानं शेवटचं बघायचं, तिनं ओके म्हणलं तरच जायचं. म्हणजे आलीच तक्रार तर ती कोणाच्या नावावर, ते पण ठरलेलं.

ह्याच मुहूर्तावर सरांना कुठंतरी कळलं, की कोडाला इस्त्री करणारं एक साधन असतं. त्याला फॉरमॅटर म्हणतात. तुम्ही कसं पण चुरगाळून लिहा, फाईल सेव्ह केली की ते सगळ्या ओळी सरळ करून देतं. अक्षराला हात लावत नाही, फक्त मोकळ्या जागा आणि ओळी नीट बसवतं. आमच्या खाली खरा इस्त्रीवाला होताच, म्हणून आम्ही त्याचं नाव इस्त्री ठेवलं. कपडा कुठलाही असो, घडी एकसारखी.

"विक्रम, आपण असं करू," सर म्हणाले. "ती इस्त्री तू बसवून टाक."

बसवायला काय लागत नाही. पण इस्त्रीला घडी कशी घालायची ते सांगायला लागतं. त्याची एक सेटिंगची फाईल असते, दहा-बारा ओळींची. आत सरकवायचं तर किती जागा, ओळ किती लांब होऊ द्यायची, कंस कुठं, असलं. मी भाबडेपणानं सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, काय ठेवू. तिथंच माझं चुकलं, असं आता सगळे म्हणतात. तवा सगळ्यांना लय आवडलं होतं.

"चार जागा," काका म्हणाले. "आणि माझे खांब मोडायचे न्हाईत."

"काका, इस्त्री खांब ठेवत न्हाई. ती सगळं डावीकडं ढकलते."

"मग इस्त्री जाळ. चोवीस वर्षं फौजेत लाइनीत उभा ऱ्हायलोय, आता रिटायर होऊन वाकडा उभा ऱ्हाऊ व्हय?"

"ओळ मोडायची न्हाई," नितीन म्हणाला. "मोडली की माझा विचार तुटतो."

"तुझा विचार संपतच न्हाई, तुटंल कुठनं," शबाना म्हणाली. "दोन जागा ठेव विक्या, ओळ लहान. मला दिसायला पायजे, शेवटी बघायचं मला आहे."

"बाईंना दिसत न्हाई म्हणून आमी मुंडकी छाटून घ्यायची?"

"नितीन, तुझ्या ओळीला मुंडकंच न्हाई. नुसतं शेपूट आहे."

हे दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. डबे उघडले तरी चाललं. काका भाकरी मोडताना पण नितीनकडं बघून मोडत होते. शेवटी सर केबिनमधनं बाहेर आले. सगळ्यांचं ऐकलं. आणि आमच्याकडं शतकानुशतकं जो उपाय चालत आलाय, तोच त्यांनी काढला.

आमच्या भागातल्या जत्रा तुम्ही बघितल्या असतील. पालखी निघाली की पहिला नारळ कोणाचा, ह्याच्यावरनं डोकी फुटायची वेळ येते. मग शहाणी माणसं काय करतात, तर पालखी प्रत्येक मानकऱ्याच्या दारात थांबवतात. प्रत्येकाचा नारळ पहिला. देवाला उशीर होतो, पण रुसत कोणी नाही.

"आपण असं करू," सर म्हणाले. "सगळ्यांचा मान ठेवू. ज्याच्या मशीनवर ज्याची त्याची सेटिंग. विक्रम, तू करून टाक."

मी करून टाकलं. काकांच्या मशीनवर काकांची इस्त्री, आणि खांब राहावेत म्हणून तिला अर्धी बांधून ठेवलेली. नितीनकडं नितीनची, ओळ न मोडणारी. शबानाकडं तिची. सगळे खुश. काकांनी कुंडलहून येताना पेढे आणले. मला वाटलं, एवढं सोपं होतं तर जगात लोक भांडतात कशाला.

कशाला ते आठवड्यात कळलं.

आमच्या धंद्यात सगळ्यांचं काम एका जागी जमा होतं, आणि तिथं एक बिनचेहऱ्याचा मुकादम बसलेला असतो. म्हणजे तो पण एक प्रोग्रामच. कोणी काय बदललं एवढंच तो दाखवतो. काढलं ते लाल, घातलं ते हिरवं. शबाना रोज ते लाल-हिरवं वाचायची. नितीननं एक ओळ बदलली तर एक लाल, एक हिरवी. दोन मिनिटांचं काम.

आता काय व्हायला लागलं बघा. काकांनी फाईल उघडून एक अक्षर बदललं आणि सेव्ह केलं, की काकांची इस्त्री सगळ्या फाईलवर फिरायची. तीच फाईल नितीननं उघडली की नितीनची इस्त्री. शबानानं उघडली की तिची. तेच कोड, तीच अक्षरं, पण रोज तीनदा कपडे बदलणार. मुकादमाला बिचाऱ्याला आतलं माणूस तेच आहे हे कुठनं कळणार? तो म्हणायचा, सगळंच बदललं. वरपासनं खालपर्यंत लाल, वरपासनं खालपर्यंत हिरवं.

"विक्या, नितीन म्हणतोय एक ओळ बदलली," शबाना म्हणाली. "हितं सगळी जत्रा भरलीय. मी ह्यातली ती एक कुठली शोधू?"

"इस्त्री असंल," नितीन तिकडनंच म्हणाला. "जाऊ दे पुढं."

"सर, हे वाचता येत न्हाई," तिनं सरांना सांगितलं. एकदा नाही, रोज सांगितलं.

"आपण असं करू. पाळी होऊन जाऊ दे, मग बघू."

मी काय केलं विचाराल, तर मी लाल-हिरव्याची नक्कल केली. सगळे हसले. ती हसली नाही, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

आणि पहिल्या पाळीचा दिवस उजाडला. सकाळी ऑफिस उघडत होतो, तवा काकांचा फोन वाजला. त्यांचा मेहुणा त्याच गावचा. काका नुसते 'व्हय, व्हय' म्हणत राहिले, आणि फोन ठेवून उभे राहिले ते सावधानमध्येच.

"काय झालं काका?"

"पाळी सुरू झाली."

"मग चांगलंच हाय की."

"सगळ्या गावाची झाली."

नितीन खुर्चीवरनं अर्धा उठला आणि तसाच थांबला. त्यानं मेसेज जातात का ते तपासायला एका ओळीत 'सगळ्यांना: होय' करून ठेवलं होतं. तपासून झाल्यावर 'नाही' करायचं होतं. ते राहिलं. ती ओळ शबानासमोरनं गेली, लाल-हिरव्याच्या जत्रेत, आणि तिनं ओके दिला होता.

सरांच्या गाडीत बसून आम्ही गेलो. सर, काका, शबाना आणि मी. नितीनला फोन घ्यायला ठेवला, ती त्याला शिक्षाच होती. वाटेत शबाना खिडकीतनं उसाकडं बघत होती. पुण्याचा विचार करत होती का, ते मी विचारलं नाही.

पाटाच्या मुख्य दारावर गाव जमलं होतं. प्रत्येकाच्या एका हातात खोरं, दुसऱ्या हातात मोबाईल. दार उघडायचं जे लोखंडी चाक असतं, त्याच्यावर शामूतात्या बसलेला. शामूतात्या म्हणजे संस्थेचा पाटकरी, पाणी सोडणारा माणूस. तो चाकावर मांडी घालून बसला होता, जसा काय कोणी चाकच घेऊन जाणार आहे.

"उठ तात्या, माझी पाळी हाय. ह्यो बघ मेसेज."

"माझा बी बघ की. तुझ्या आधी आलाय."

"एकदमच आल्यात सगळ्यांस्नी. मग पाटात काय आता धा नद्या सोडायच्या?"

"मला बी आलाय," एक जण म्हणाला. "आमच्या म्हातारीला बी आलाय. तिचं रान इकून चार वर्सं झाली. ती सकाळपासनं म्हंतीया, मला पाटावर न्या, माझी पाळी हाय."

"मोबाईल पाणी सोडत न्हाई," शामूतात्या म्हणाला. "मी सोडतो. आणि मला मेसेज आलेला न्हाई."

हे खरं होतं. त्याचा नंबर यादीत घालायचं राहिलं होतं, आणि तेवढ्यामुळंच गाव वाचलं.

संस्थेचे चेअरमन, आण्णा म्हणतात त्यांना, ते सरांना म्हणाले, "आवं साहेब, फळा कवाबी चांगला. फळ्यावर एका येळी एकाच माणसाचं नाव मावतंय."

शबाना पुढं गेली. "आण्णा, चूक आमच्याकडनं झाली. शेवटचं मी बघितलं होतं. आज फळा लावा. पुढची पाळी चुकली तर मी स्वतः येऊन खडूनं लिहीन."

आण्णांनी तिच्याकडं बघितलं. ही तीच पोरगी, शेणात पाय घालून फिरणारी, हे त्यांना ओळखू आलं असावं. "एक पाळी देतो," ते म्हणाले. "एकच."

परत येताना सर म्हणाले, "ऑफिसात गेल्यावर बोलू." ते तिला म्हणाले होते, पण ऐकलं आम्ही सगळ्यांनी.

ऑफिसात सगळे केबिनमध्ये. सरांनी विचारलं, "ओके कोणी दिला होता?"

"मी," शबाना म्हणाली.

"ती ओळ दिसली न्हाई?"

"न्हाई दिसली."

"मग शबाना, आपण असं करू..."

'तू करून टाक' यायच्या आत मी म्हणलं, "सर, मी एक वाचून दाखवू?"

"आत्ता नकला नकोत विक्रम."

"नक्कल न्हाई सर. मुकादमाचं वाचतो. जे तिनं वाचलं तेच."

त्यांनी नको म्हणायच्या आत मी सुरू केलं. त्या दिवशीचं सगळं लाल-हिरवं, वरपासनं. आधी काकांच्या आवाजात, एकेक खांब, 'बराबर, बराबर, बराबर'. मग तेच सगळं नितीनच्या आवाजात एका दमात. मग तेच शबानाच्या, चार ओळी आणि एक श्वास. मग परत काका. मग परत नितीन. मधीच सरांचं 'आपण असं करू, पाळी होऊन जाऊ दे, मग बघू' पण घातलं, कारण ते पण त्यातलंच होतं. सर आधी चिडून ऐकत होते. मग जरा हसले. मग कंटाळले. मग त्यांचा हात मोबाईलकडं गेला.

मी थांबलो. "सर, ती ओळ गेली. कुठं गेली?"

"अजून यायची हाय की."

"गेली सर. नितीनच्या दुसऱ्या वेळी. मी पुटपुटलो न्हाई, स्पष्ट म्हणलं, सगळ्यांना होय. तुमी मोबाईल घेतला तवा."

सरांनी काकांकडं बघितलं.

"साहेब, मला पण न्हाई कळली," काका म्हणाले. "मी तर कान देऊन ऐकत होतो."

"मी लिहिलीय," नितीन म्हणाला, "आणि मला पण न्हाई कळली."

"मला कळली," शबाना म्हणाली. "आत्ता. आता ती मला जन्मभर कळंल."

सरांनी मोबाईल उलटा ठेवला. त्यांच्या डोक्यात 'मग बघू' फिरत असावं, कारण ते मी त्यांच्याच आवाजात म्हणलं होतं, अगदी चष्मा वर ढकलून. मग ते म्हणाले, "आपण असं करू. इस्त्री एकच. सेटिंग शबाना ठरवंल. कोणाला विचारायचं न्हाई."

"आणि माझं?" तिनं विचारलं.

"तू पुण्याला कळव, येत न्हाई म्हणून."

एवढंच. 'आपण असं करू' न म्हणता सरांनी घेतलेला तो पहिलाच निर्णय.

तिनं खरंच कोणाला विचारलं नाही. दोन जागा, लहान ओळी, एकच सेटिंगची फाईल, सगळ्यांच्या सामाईक जागेत ठेवलेली, जिच्यापुढं कोणाच्या मशीनचं काय चालत नाही. सगळ्या कोडावर एकदा इस्त्री फिरवली आणि विषय संपवला. फक्त एके ठिकाणी हात लावला नाही. पाटाच्या सगळ्या दारांची जी यादी काकांनी खांबात लावली होती, तिच्या वर तिनं इस्त्रीसाठी एक ओळ लिहिली: इथं हात लावू नको. तसं सांगायची सोय असते.

काकांनी ती फाईल उघडली. बरोबरची चिन्हं एकाखाली एक, तशीच उभी. "हे राहिलं व्हय गं?"

"राहिलं न्हाई काका. ठेवलंय."

काका पाणी प्यायला उठले. पुढच्या पाळीला एकेकाला एकेक मेसेज गेला. शामूतात्याला पण जातो आता. तो प्रत्येक मेसेज आल्यावर शबानाला फोन करून विचारतो, खरं हाय का. ती दर वेळी सांगते, खरं हाय तात्या.

कामाला हे लय चांगलं झालं. एक ओळ बदलली की एकच ओळ लाल दिसते. पण चहाला मी आता काय वाचू? सगळ्यांचं कोड एकाच माणसानं लिहिल्यासारखं दिसतं. फाईल उघडून मी बघत बसतो, हे काकांचं का नितीनचं, आणि वर नाव बघायला लागतं. नितीनची ओळ आता अकरा ठिकाणी मोडलेली असते. ती वाचायला खिडकीपर्यंत जावं लागत नाही. पण त्या निमित्तानं खिडकीतनं बाहेर बघणं व्हायचं, ते पण गेलं.

तर असं. पण केबिनमधनं बाहेर आल्यावर काय झालं ते राहिलंच. मला वाटत होतं, आता मला कोणीतरी चहा पाजणार. शबाना तिच्या खुर्चीवर बसली, मला म्हणाली, "इकडं ये."

मी कॉलर सारखी करून गेलो.

"मी अशी श्वास घेते? चार ओळी झाल्या की, म्हशीसारखा?"

"न्हाई गं, ते जरा..."

"मी पहिल्या दिवसापासनं सांगत होते, हे वाचता येत न्हाई. साध्या आवाजात सांगत होते. सरांना सांगितलं, नितीनला सांगितलं, तुला सांगितलं. तुला सांगितलं तवा तू काय केलंस?"

माझा हात कॉलरवरनं खाली आला.

"नक्कल केलीस. माझ्या साध्या आवाजात कोणी ऐकलं न्हाई, आणि तू माझा आवाज काढलास तवा सगळ्यांनी ऐकलं. ही काय रीत झाली? पुढच्या वेळी मी साधं सांगितलं, की साधंच ऐकायचं आणि तवाच उठायचं. कळलं का?"

"आवं मॅडम, मंजे कसं हाय..."

"'आवं मॅडम, मंजे कसं हाय,'" ती म्हणाली. माझ्या आवाजात. कॉलर सारखी करून, मान जरा तिरकी करून, आणि विनोद सांगायच्या आधीच स्वतः हसून. "'मी काय म्हंतो, न्हाई मंजे, तुमी ऐका तर...'"

नितीन टेबलावर पालथा पडला.

"मी असं बोलत न्हाई," मी म्हणलं.

"'मी असं बोलत न्हाई,'" ती म्हणाली.

मी काकांकडं बघितलं. फौजेतला माणूस, खोटं बोलणार नाही, असं वाटलं.

"सेम टू सेम," काका म्हणाले.

मी तोंड उघडलं. शबानानं हात वर केला.

"बोलू नकोस. तू आता काय बोलणार ते मला येतं."